पंचक्रोशीतले नाव म्हणजे नेमके काय

बेळगाव तालुक्यातील गावांत लग्न ठरले की पहिल्या बैठकीतच आचाऱ्याचा विषय निघतो. हजार-बाराशे पाने उठवूनही शेवटच्या पंगतीला पहिल्या पंगतीइतकाच मोकळा भात वाढणारा, आणि ऐनवेळी दोनशे माणसे जास्त आली तरी आमटीत पाणी न ओतणारा आचारी आसपासच्या गावांत फार तर दोघे-तिघे असतात. वैशाखातील मुहूर्तांसाठी त्यांच्या वहीत आधीच तारीख घालून ठेवावी लागते, आणि क्वचित त्या वहीतील मोकळी तारीख पाहून मुहूर्तही थोडा मागे-पुढे सरकतो. अशा आचाऱ्याला कडोलीपासून येळ्ळूरपर्यंत नावाने ओळखणारी घरे शेकड्यांनी सापडतात. तोच माणूस कोल्हापूरच्या किंवा धारवाडच्या बसस्थानकावर उतरला तर त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहणार नाही. या माणसाला प्रसिद्ध म्हणायचे की नाही?

बहुतेकांचे उत्तर असे असते की तो थोडासा प्रसिद्ध आहे, म्हणजे मोठ्या नटाला जे कोट्यवधींच्या संख्येत मिळते तेच त्याला हजारांच्या संख्येत मिळाले आहे. हे उत्तर मला पटत नाही. छोट्या वर्तुळातील कीर्ती ही मोठ्या कीर्तीची लहान आवृत्ती आहे असे धरून चालले, तर तिचे बरेचसे वागणे समजतच नाही: ती कुठे थांबते, तिच्यातून पैसा का निघत नाही, ती डोईजड का होते आणि काही वेळा राज्याची सीमा सहज ओलांडून दुसऱ्या वेळी भाषेच्या उंबरठ्यावरच का अडते. म्हणून आधी तिची घडण पाहू.

प्रसिद्धीची सर्वांत साधी व्याख्या अशी करता येते की एखाद्याला ओळखणाऱ्यांची संख्या तो स्वतः ज्यांना ओळखतो त्यांच्यापेक्षा बरीच जास्त असणे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1990 च्या दशकात असे मांडले की माणसाला एका वेळी साधारण 150 जणांशीच खऱ्या अर्थाने नाते सांभाळता येते. या आकड्यावर पुढे पुष्कळ वाद झाले आणि तो काटेकोर मानण्याचे कारण नाही. तरी नाती सांभाळण्याच्या क्षमतेला कुठेतरी मर्यादा आहे, हे कोणालाही आपल्या अनुभवावरून कबूल करावे लागेल. ही मर्यादा ओलांडून आपले नाव पुढे गेले की असमतोल सुरू होतो: समोरचा आपल्याला ओळखतो, आपण त्याला ओळखत नाही. आचाऱ्याच्या बाबतीत हा असमतोल आहेच. ज्या घरी त्याने सात वर्षांपूर्वी बारसे केले त्या घरातील माणसे त्याला बाजारात हाक मारतात आणि तो ओळखल्यासारखे हसतो.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1956 मध्ये दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक निरीक्षण नोंदवले. रोज संध्याकाळी पडद्यावर येऊन आपल्याशी बोलणाऱ्या निवेदकाविषयी प्रेक्षकाला मित्रासारखी जवळीक वाटू लागते, परंतु ही जवळीक पूर्णपणे एकतर्फी असते, कारण निवेदकाला त्या प्रेक्षकाचे अस्तित्वही ठाऊक नसते. मोठी प्रसिद्धी या एकतर्फी जवळिकीवर उभी असते. छोट्या कीर्तीत असमतोल असतो, पण तो भरून काढायला एखादा मध्यस्थ पुरतो. सीमाभागातील खेड्यात अनोळखी तरुण दिसला की म्हातारी माणसे अजून पहिला प्रश्न विचारतात तो "कुणाचा रे तू?" असा. वडिलांचे, आजोबांचे, आजोळच्या गावाचे नाव सांगितले की दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यावर एखादा धागा जुळतोच. प्रसिद्ध माणूस आणि त्याला ओळखणारा यांच्यात एवढेच अंतर असेल, तर कीर्तीचे वागणे बदलते: तिच्यात थापा मारून चालत नाही, आणि उर्मटपणाही फार दिवस खपत नाही.

तरीही माझ्या मते खरा फरक अंतराचाही नाही. तो पारखण्याचा आहे. छोट्या वर्तुळात नाव घेणारे बहुतेक लोक त्या नावामागच्या कामाची पारख करू शकतात, आणि मोठ्या प्रसिद्धीत नाव घेणाऱ्यांपैकी फार थोडेच ती करू शकतात. कसोटी सोपी आहे. ज्याचे नाव घेतले तो आणि त्याच्या खालोखालचा माणूस यांच्यात फरक काय, असे नाव घेणाऱ्याला विचारून पाहावे. आचाऱ्याविषयी विचारले तर उत्तर लगेच येते: एकाच्या हातचा मसालेभात चांगला, पण त्याची माणसे वाढायला कमी पडतात, दुसऱ्याची आमटी जरा तिखट, पण सामानाची यादी देताना तो कधी फुगवत नाही. जागतिक कीर्तीच्या एखाद्या वादकाविषयी हाच प्रश्न विचारला तर शंभरातील नव्वद लोक त्याच्या पुरस्कारांविषयी बोलू लागतील. नाव पारखणाऱ्यांच्या पलीकडे गेले, आणि न पारखताही लोक ते एकमेकांना सांगू लागले, की त्या ठिकाणी छोट्या कीर्तीची हद्द संपते. मग ओळखणारे दहा हजार असोत की दहा लाख.

एवढे मान्य केले तर पुढचा मुद्दा आपोआप येतो. प्रत्येक कामाला पारखण्यासाठी काही विशिष्ट गोष्ट लागते, आणि ती गोष्ट ज्यांच्याकडे आहे त्यांची वस्ती जिथवर पसरली आहे तिथवर त्या कामाचे नाव जाते. स्वयंपाक पारखायला त्या पंगतीला बसावे लागते, म्हणून आचाऱ्याचे नाव निमंत्रणांच्या वाटेने फिरते आणि सोयरिकी जिथे संपतात तिथे थांबते. गावच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन करणाऱ्याचा परीघ याहूनही लहान असतो. नुसता आवाज चांगला असून त्याचे भागत नाही; व्यासपीठावर कोणाचे नाव कोणाच्या आधी घ्यायचे, कोणत्या दोन पंचांचे सध्या बोलणे बंद आहे आणि देणगीदारांपैकी कोणाचा उल्लेख राहिला तर पुढच्या वर्षी मांडवाचे पैसे येणार नाहीत, हे त्याला ठाऊक असावे लागते. त्याचे हे कसब पारखायला श्रोत्यालाही गावचे राजकारण माहीत असावे लागते. दहा मैलांवर त्याची हीच चतुराई दिसणारसुद्धा नाही.

कुस्ती याच्या अगदी उलट टोकाला आहे. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात मैदान भरते तेव्हा मातीभोवती बसलेल्या माणसांत मराठी किती आणि कन्नड किती, हे कोणी मोजत नाही आणि मोजूनही काही उपयोग नसतो. हलगी कडाडते, जोड मातीत उतरते, अंगाला माती लागते, आणि पहिल्या दोन मिनिटांत कोणाचा दम टिकणार याचा अंदाज कडेला बसलेले जुने पैलवान बांधून मोकळे होतात. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक डावाचे नाव उच्चारण्याच्या आधीच त्यांच्यातील एखादा "घिस्सा, घिस्सा" असे पुटपुटलेला असतो. कुस्ती जोरात निघाली की बघ्यांमधून बक्षिसे पुकारली जातात, आणि बक्षीस पुकारणारा बहुधा स्वतः कधीतरी तालमीत घुमलेला असतो. डोळा तयार असला की पारख झाली. मध्ये भाषा येत नाही. त्यामुळे चांगल्या पैलवानाचे नाव कोल्हापूर-सांगलीकडे जसे जाते तसेच धारवाड-दावणगेरेकडेही जाते, आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेने आखलेली रेषा त्याच्या आड येत नाही. मात्र तालमीबाहेरच्या जगात, अगदी बेळगावातीलच एखाद्या बँकेच्या रांगेत, हा पैलवान कोण हे कोणाला सांगता येणार नाही. त्याची कीर्ती लांब पसरते, पण अरुंद असते. आचाऱ्याची रुंद असते, पण लांब जात नाही.

हा भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे, कारण आपण दोन्हींना सरसकट स्थानिक प्रसिद्धी म्हणून मोकळे होतो. एका प्रकारात एका ठिकाणचे सगळे लोक ओळखतात; दुसऱ्यात एका विषयाचे लोक कुठलेही असले तरी ओळखतात. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने 1949 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच्या जवळ जाणारी एक मांडणी आहे. अमेरिकेतील सुमारे 11 हजार वस्तीच्या एका गावाला त्यांनी रोव्हेर असे काल्पनिक नाव दिले आणि तेथील वजनदार माणसांच्या दोन तऱ्हा सांगितल्या. एका तऱ्हेचे लोक गावात रुजलेले होते. त्यांची वट ते किती जणांना आणि कसे ओळखतात यावर उभी होती. दुसऱ्या तऱ्हेच्या लोकांचे लक्ष बाहेरच्या जगाकडे होते. त्यांना मान मिळे तो त्यांना काय ठाऊक आहे यासाठी, आणि उद्या ते दुसऱ्या गावी गेले तर तो मान बरोबर नेऊ शकत होते.

बेळगावच्या इतिहासात दोन्ही तऱ्हा ठळक सापडतात. जवळच्या सुळेभावी येथे 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला शिवपुत्र कोमकाळीमठ हा मुलगा कुमार गंधर्व या नावाने बालपणीच मैफली गाऊ लागला, पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकला आणि 1948 पासून देवासचा झाला. त्यांची कीर्ती त्यांच्याबरोबर प्रवास करीत राहिली. सुळेभावीवर ती अवलंबून नव्हती. गावात रुजलेल्या तऱ्हेचे उदाहरण म्हणजे कृष्णराव हरिहर. मातृभाषा कन्नड, नाटक-संगीताचे वेड, मराठी बोलणे कन्नड वळणाचे आणि शिव्यांनी सजलेले. असा हा माणूस बेळगावच्या एका पिढीत सर्वपरिचित होता. त्यांना महाराष्ट्रभर ओळखले जाते ते मात्र रावसाहेब म्हणून, कारण बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवणाऱ्या पु. ल. देशपांडे यांनी त्यांचे व्यक्तिचित्र लिहिले. येथे दोन कीर्ती एकाच माणसाला चिकटल्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या आहेत. बेळगावकरांनी रावसाहेबांना पारखले होते. महाराष्ट्राने पारखले ते लेखकाच्या लेखणीला. जिथे हरिहरांना कोणी पाहिलेलेही नव्हते तिथे ती लेखणी त्यांचे नाव घेऊन गेली. मला स्वतःला या दोन्हींत पहिली कीर्ती अधिक अवघड वाटते, कारण ती रोज सकाळी नव्याने टिकवावी लागते.

कवी-लेखकांची गोष्ट सीमाभागात सर्वांत गुंतागुंतीची आहे. कविता पारखायला भाषा लागते, आणि येथे भाषेचा परीघ आणि राज्याचा परीघ एकमेकांवर बसत नाहीत. मराठीतील प्रकाशन, व्यावसायिक रंगभूमी आणि वाहिन्या पुण्या-मुंबईत. कर्नाटकातील साहित्यव्यवहार प्रामुख्याने कन्नडमधून. त्यामुळे खानापूरचा किंवा निपाणीचा मराठी कवी ज्या राज्यात राहतो तिथे त्याचे वाचक थोडे आणि जिथे वाचक पुष्कळ तिथे तो परगावचा. छापील कवितेने ही अडचण ओलांडता येते, हे इंदिरा संतांनी दाखवले. आयुष्याचा मोठा भाग बेळगावात काढूनही त्या साऱ्या मराठी वाचकांच्या कवयित्री झाल्या आणि 1984 मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंतु असे नाव पिढीत एखादेच निघते. बाकीच्यांचे काय होते, हे पाहायचे तर गावोगावच्या साहित्य संमेलनांना जावे लागेल.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929, 1946 आणि 2000 या वर्षी भरले. 1946 च्या संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. तीन संमेलनांमधली अंतरे पाहिली की तालुक्यातील गावांनी आपापली संमेलने का सुरू केली ते कळते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, निपाणीकडील कारदगा अशा गावांत सुगीनंतरच्या थंडीत ती भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते: पालखीत ग्रंथ, पुढे लेझीम खेळणारी शाळेची मुले, डोक्यावर कलश घेतलेल्या बाया, टाळमृदंग, आणि दारादारांतून पालखीला ओवाळणे. अध्यक्ष बहुधा महाराष्ट्रातून बोलावलेला नामवंत लेखक असतो. त्याचे भाषण मंडळी आदराने ऐकतात, पण मांडव खऱ्या अर्थाने जागा होतो तो दुपारनंतरच्या कविसंमेलनात, जेव्हा शेजारच्या गल्लीतील शिक्षक किंवा पाचवी-सहावी शिकलेला शेतकरी उठून आपली कविता म्हणतो. रताळ्याचा वेल, भाताच्या खाचरातील चिखल, ऐन पावसात गेलेली वीज यांपैकी कशाचाही उल्लेख खोटा वाटला तर समोर बसलेल्यांना ते तत्काळ कळते, आणि खरा वाटला तर "व्वा" येते ती शिष्टाचाराची नसते.

या संमेलनांतील एक प्रथा माझ्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. संमेलनाच्या परिसराला, व्यासपीठाला आणि प्रवेशद्वारांना नावे दिली जातात. एखादे नाव मोठ्या साहित्यिकाचे किंवा संताचे असते, पण दुसरे गावातील दिवंगत शिक्षकाचे, तिसरे वाचनालयासाठी झिजलेल्या कार्यकर्त्याचे, चौथे सीमालढ्यात तुरुंगात गेलेल्या माणसाचे. परगावच्या पाहुण्याला ही नावे काहीच सांगत नाहीत. कमानीखालून आत जाणाऱ्या गावकऱ्याला मात्र त्यांतील प्रत्येकाचा चेहरा, बोलण्याची लकब आणि कदाचित खाल्लेला मारही आठवतो. एका दिवसापुरते एका गावाने आपल्या छोट्या कीर्तींना मोठ्या नावांच्या बरोबरीने टांगलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी मांडववाले कापड उतरवून नेतात.

आता याच्या शेजारी चौकातील शुभेच्छाफलक ठेवून पाहा. डॅनियल बूर्स्टिन या अमेरिकन इतिहासकाराने 1961 मध्ये प्रसिद्ध व्यक्तीची एक तिरकस व्याख्या केली होती: जो त्याच्या ओळखले जाण्यासाठीच ओळखला जातो तो. त्याच्या डोळ्यांसमोर चित्रपट आणि दूरचित्रवाणी होती. आपल्याकडे वाढदिवसाच्या डिजिटल फलकांनी ही व्याख्या गल्लीपर्यंत आणून सोडली आहे. मधोमध गॉगल लावलेला तरुण, भोवती शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, आणि त्या चाळिसांपैकी प्रत्येकाचा आपापला फलक वर्षभरात केव्हातरी. यात पारखण्यासारखे काही काम नसते, म्हणून परीघ लहान असूनही ही छोटी कीर्ती नव्हे. मोठ्या प्रसिद्धीचा हा स्वस्त छाप आहे. लहानपणा हा काही गुण नव्हे, एवढेच यावरून समजावे.

वस्तूंच्या बाबतीत पारखीचा नियम वेगळ्या तऱ्हेने दिसतो. कोल्हापुरी चप्पल म्हणून जे विकले जाते त्याचा बराच भाग अथणी, निपाणी या बाजूच्या कारागिरांच्या घरांत तयार होतो. भौगोलिक मानांकनातही महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हे आहेत. 2025 मध्ये एका इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच घडणीची पादत्राणे दाखवली आणि भारतातून ओरड झाल्यावर मूळ भारतीय असल्याचे मान्य केले, तेव्हा कोल्हापूरचे नाव जगभर झाले. अथणीच्या ज्या घरात बाप कातडे कापतो, सून वेणी विणते आणि मुलगा टाचा शिवतो, त्या घराचे नाव त्या चर्चेत येण्याचा प्रश्नच नव्हता. ते नाव जिथे आहे तिथे आहे: माल उचलणारा व्यापारी वादी हातात घेऊन, ती किंचित पिळून, हे कोणाच्या हातचे आहे ते सांगतो आणि त्याप्रमाणे भाव देतो किंवा पाडतो. कारागिराची कीर्ती दहा-पंधरा व्यापाऱ्यांपुरती असते, आणि चप्पल घालणाऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही कारण मध्ये गावाचे नाव उभे आहे.

पैशाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हटले होते की माणसाचा आवाज जितक्या लोकांपर्यंत पोहोचतो तितकीच गायकाची कमाई वाढू शकते. शेरविन रोझेन यांनी 1981 मध्ये हा विचार पुढे नेला. ध्वनिमुद्रण आणि प्रक्षेपणामुळे एकच गायक साऱ्या देशाला ऐकता येऊ लागला की श्रोते दुसऱ्या क्रमांकाकडे जातच नाहीत, आणि गुणांतील थोड्याशा फरकाचे रूपांतर उत्पन्नातील प्रचंड फरकात होते. छोट्या कीर्तीला याचा एक फायदा आहे: ज्या कामाची नक्कल पाठवता येत नाही ते यापासून बचावते. जगातील सर्वोत्तम आचारी येळ्ळूरच्या मांडवात येऊन भात शिजवणार नाही. पण त्याच कारणाने कमाईलाही छत असते, कारण एका मुहूर्ताला एकच मांडव करता येतो.

अमेरिकन लेखक केव्हिन केली यांनी 2008 मध्ये असे मांडले की कलावंताला लाखो चाहत्यांची गरज नाही. वर्षाला प्रत्येकी 100 डॉलर खर्च करणारे 1000 खरे चाहते असले तरी त्याचे नीट चालेल. हिशोब बरोबर आहे. तो येथे लागू होत नाही याचे कारण असे की आपल्याकडील हजार चाहत्यांत भाऊबंद, वर्गमित्र, सोयरे आणि शेजारी भरलेले असतात, आणि आपल्या माणसाकडून पैसे घ्यायचे नसतात ही रीत हिशोबाच्या आधीची आहे. भजनी मंडळाच्या पेटीवाल्याला पारायणाला बोलावणे येते ते "येणार नव्हे?" अशा शब्दांत, मानधनाचा विषय कोणी काढत नाही आणि त्यानेही काढला तर ती बातमी त्याच्या आधी घरी पोहोचते. मिळते ते शाल, श्रीफळ आणि फेटा. सूत्रसंचालकांच्या घरी या शालींचे गठ्ठे साचतात आणि तेथून त्या पुढच्या सत्कारांना जातात. एकच शाल दोनदा परत आल्याचे किस्से बेळगावात गमतीने सांगितले जातात. तरीही हा व्यवहार तोट्याचाच असतो असे म्हणता येणार नाही. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याच्या खर्चाला, शेताच्या तंट्यात साक्षीला त्याच पेटीवाल्यामागे माणसे उभी राहतात. येथे कीर्ती रोकड्यात वटत नाही, उधारीत वटते. नुसत्या उधारीवर घर चालत नाही, ही मात्र त्यातली कटकट आहे, आणि ज्यांना हे सारे फार गोड वाटते त्यांनी पेटीवाल्याच्या बायकोशी एकदा बोलावे.

दुसरी किंमत अशी की छोट्या कीर्तीतून बाहेर पडता येत नाही. मोठ्या नटाला गर्दीपासून दूर जाता येते, कारण त्याच्याकडे त्यासाठी लागणारा पैसा आणि भिंती असतात. शिवजयंतीच्या चित्ररथावर महाराजांची भूमिका करणाऱ्या गल्लीतील तरुणाचे तसे नसते. बेळगावात वैशाखात तिथीप्रमाणे ही जयंती होते, सजीव देखाव्यांची मिरवणूक रात्रभर चालते आणि पहाटेपर्यंत हजारो लोक त्याला पाहतात. एकदा ती भूमिका अंगाला बसली की पुढचे वर्षभर तो पानटपरीवर उभा राहिला तरी कोणीतरी टोकतोच.

भ्रमणध्वनीने या साऱ्यात काय बदलले, हे अजून पुरते स्पष्ट झालेले नाही, पण दिशा दिसते. बेळगावच्या बोलीत विनोदी चित्रफिती करणाऱ्या मुलांना पाहणारे आता बेळगावातच नसतात. नोकरीसाठी पुणे, मुंबई, गोवा आणि बेंगळुरूला गेलेली येथील माणसे त्यांत पुष्कळ असतात. बोलीतील एखादे क्रियापद ऐकताच हसू येणे हीच येथे पारख आहे, आणि ज्यांच्याकडे ती आहे ते विखुरलेले असूनही एका ठिकाणी गोळा झाले आहेत. म्हणजे स्थानिक कीर्तीचे येथे विषयाच्या कीर्तीत रूपांतर होते. यूट्यूबने जाहिरातींच्या उत्पन्नासाठी 2018 पासून 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तासांचे प्रेक्षण अशी अट ठेवली होती, आणि तिचा परिणाम असा की मुले पारखणाऱ्यांची संख्या पुरेना म्हणून न पारखणाऱ्यांकडे वळतात: बोली सौम्य करतात, गावांची नावे गाळतात, कोणालाही कळेल असा विनोद धरतात. काहींचे प्रेक्षक त्यामुळे वाढतात. मूळच्यांपैकी काही मात्र गप्पपणे निघून जातात, आणि ते गेल्याचे आकड्यांत दिसत नाही, कारण आकडा तर वाढलेलाच असतो.

पारखणाऱ्यांवर कीर्ती उभी असेल तर तिचे आयुष्यही त्यांच्यावरच ठरणार. पैलवानाच्या नावाला तालमीत येणारी पोरे पुरतात, ती घरी कोणतीही भाषा बोलोत. कवीला आणि सूत्रसंचालकाला मात्र मराठी वाचणारी, मराठीतील खोच पकडणारी पुढची पिढी लागते, आणि ती तयार होईल की नाही याचा निर्णय सीमाभागातील घराघरांत दर जूनच्या आधी, मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे हे ठरवताना घेतला जातो. तो घेताना आईबाप नोकरीचा, इंग्रजीचा आणि कन्नड येण्याच्या गरजेचा विचार करतात, आणि त्यांना त्यासाठी दोष देता येणार नाही. पण येत्या वीस-पंचवीस वर्षांत एकाच गावातील या दोन कीर्तींचे परीघ एकमेकांपासून बरेच वेगळे झालेले दिसतील, असा माझा अंदाज आहे: आखाड्याभोवतीची गर्दी आजच्यासारखीच दोन्ही भाषांची राहील, आणि कविसंमेलनाच्या मांडवात पुढच्या रांगांत कोण बसते ते मोजावे लागेल.